प्रबंधाचा आराखडा



आजच्या भाषणाचं नाव ऐकून कुणी म्हणेल, की हा तर विद्यापीठातल्या मंडळींचा विषय. आम्हां खेड्यातल्या माणसांचं त्यात काय काम? पण थोडं थांबा. आज आपल्या गावोगावच्या शाळांत असे कितीतरी शिक्षक आहेत, की जे नोकरी सांभाळून पीएच.डी. करू पाहतात. पदव्युत्तर वर्गातल्या आपल्या मुलामुलींनाही आता संशोधन प्रकल्प लिहावा लागतो. आणि हे संशोधन होतं ते बहुधा आपल्याच शेतीवर, आपल्याच पाण्यावर, आपल्याच बाजारावर. तेव्हा प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, अशा दोघांनीही ही गोष्ट समजून घेतलेली बरी.

प्रबंध म्हणजे काय, हे बहुतेकांना ठाऊक असतं. एखाद्या विषयाचा स्वतः शोध घेऊन, पुराव्यानिशी लिहिलेला मोठा निबंध. पण प्रबंध लिहिण्याआधी विद्यापीठाला एक छोटा कागद द्यावा लागतो. मी काय शोधणार, का शोधणार, कसं शोधणार आणि किती दिवसांत शोधणार, हे त्या कागदात सांगायचं असतं. यालाच संशोधनाचा आराखडा म्हणतात. हा दहा-पंधरा पानांचा कागद; पण अनेक चांगल्या शिक्षकांची वर्षं याच कागदापाशी अडली आहेत.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. माझा पहिला आराखडा परत आला होता. विषय होता, ‘मराठवाड्यातील ग्रामीण जीवन : एक चिकित्सक अभ्यास’. मला वाटलं होतं, विषय मोठा म्हणजे मान मोठा. समितीतल्या एका वृद्ध सदस्यांनी शांतपणे विचारलं, “मराठवाड्यात जिल्हे आठ. आपण गावं किती पाहणार?” मी म्हणालो, “जमतील तेवढी.” ते म्हणाले, “आणि जीवन किती पाहणार?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. राग आला, पण घरी येऊन तोच कागद पुन्हा वाचला तेव्हा कळलं, की त्यात विषय होता, प्रश्न नव्हता. एक ना धड, भाराभर चिंध्या!

आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच. आराखडा विषयाचा नसतो, तो एका प्रश्नाचा असतो. आणि तो प्रश्न असा हवा, की त्याचं उत्तर आपल्या मनाविरुद्धही येऊ शकेल.

नुसतं असं सांगून भागणार नाही. आपण एक उदाहरणच घेऊ. बीडहून मांजरसुंब्यावरून केजकडे निघालं, की वाटेत नेकनूर लागतं. बालाघाटाच्या डोंगररांगांतलं हे मोठं गाव. बंकटस्वामी महाराजांच्या मठामुळे वारकऱ्यांना ते माहीत आहे, आणि आठवडी बाजारामुळे, त्यातही जनावरांच्या बाजारामुळे, ते शेतकऱ्यांना माहीत आहे. समजा, या भागातल्या एका शाळेतल्या गुरुजींना प्रबंध लिहायचा आहे. त्यांचा विषय ठरला, ‘नेकनूरचा आठवडी बाजार’. फार छान. पण हा विषय झाला. प्रश्न कुठे आहे?

तेव्हा गुरुजींनी पहिलं काम करावं ते ग्रंथालयात जाण्याचं नव्हे, तर बाजारात जाण्याचं. वही खिशातच ठेवावी. चार-सहा बाजार नुसते हिंडावे. जनावरं कुठून येतात, कोण घेतो, कोण विकतो, चहाच्या टपरीवर कोण कशाबद्दल हळहळतो, हे ऐकावं. असं हिंडलं, की एक गोष्ट ध्यानात येईल. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी असंख्य कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांतले बैलगाडीवर जाणारे जे असतात, त्यांना हंगामाआधी धडधाकट बैलजोडी लागते. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून अनेकदा ती घेतली जाते. आणि परतल्यावर कडबा नाही, पाणी नाही, म्हणून काही जण तीच जोडी पुन्हा बाजारात उभी करतात.

आता प्रश्न दिसायला लागला की नाही? हंगामाआधी जोडी घेणाऱ्या ऊसतोड कुटुंबांपैकी किती जण हंगाम संपल्यावर ती विकतात? का विकतात? आणि घेतानाच्या व विकतानाच्या किमतीत जो फरक पडतो, त्याचा त्यांच्या उचलीच्या कर्जावर काय परिणाम होतो? हा एका बाजाराचा प्रश्न आहे, पण त्यात एका घराचं वर्षभराचं सुखदुःख सामावलेलं आहे. आराखड्याच्या पहिल्या पानावर हा प्रश्न सरळ भाषेत लिहावा. ‘सर्वंकष’, ‘बहुआयामी’, ‘चिकित्सक’ असले शब्द तिथे नकोत. प्रश्न घरातल्या माणसाला वाचून दाखवावा. त्यांना समजला तर तो समितीलाही समजेल.

प्रश्न सापडला, की त्याला कुंपण घालायचं. कुंपण तीन बाजूंनी असतं. विषयाचं, जागेचं आणि काळाचं. याबाबत एक थोर उदाहरण आपल्या घरचंच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठासाठी लिहिलेला प्रबंध १९२५ साली लंडनहून ग्रंथरूपाने निघाला आणि १९२७ साली विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. हिंदुस्थानच्या अर्थकारणावर लिहायचं म्हणजे समुद्र उपसण्यासारखं होतं. बाबासाहेबांनी त्यातला एक धागा धरला. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, हा तो धागा. काळही नेमका धरला, १८३३ ते १९२१. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाने स्वतःला अशी मर्यादा घालून घेतली, मग आपण आठ जिल्हे एका मुठीत धरायला का निघावं? ज्या विद्यापीठाची स्थापना १९५८ साली झाली आणि ज्याला १९९४ पासून बाबासाहेबांचं नाव आहे, त्याच विद्यापीठात आपल्यातले अनेक जण नाव नोंदवणार. तेव्हा हा धडा तिथूनच घ्यावा.

जागेचं कुंपण लहान असलं म्हणजे संशोधन लहान होतं, असंही समजू नका. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे एकच गाव घेतलं आणि तिथल्या जमिनीचा व कष्टकऱ्यांचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. जुनी कागदपत्रं धुंडाळून त्यांनी दाखवलं, की १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. एक गाव, पण वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे कसे पडतात हे त्यातून साऱ्या दख्खनला कळलं. पुढे १९२१ साली त्यांनी श्री. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक या दुसऱ्या गावाचा अभ्यास काढला. आधी एक गाव नीट, मग दुसरं.

आपल्या गुरुजींचं कुंपण असं पडेल. विषय, फक्त बैलजोडीची खरेदी-विक्री. शेळ्या, म्हशी, भाजीपाला नाही. जागा, नेकनूरचा बाजार आणि त्या बाजारात जोडी घेणारी आसपासच्या गावांतली कुटुंबं. काळ, ऊसतोडीचा एक हंगाम आणि त्यानंतरची पेरणी. जे कुंपणाबाहेर ठेवलं, तेही आराखड्यात लिहावं आणि का ठेवलं ते सांगावं. समितीला तो उणेपणा वाटत नाही. उलट माणूस भानावर आहे असं वाटतं.

यानंतर पाळी येते पूर्वीच्या अभ्यासाची. आपल्याआधी या वाटेने कोण गेलं, हे पाहिलं पाहिजे. आठवडी बाजारांवर डॉ. इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांनी अभ्यास केला होता; तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९७० साली प्रसिद्ध केला. बीड जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर आहे, जनगणनेची जिल्हा पुस्तिका आहे. आणि आता तर फार मोठी सोय झाली आहे. विद्यापीठांना सादर झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात, आणि मंजूर झालेले आराखडे ‘शोधगंगोत्री’ या नावाच्या दुसऱ्या भांडारात मिळतात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ही दोन्ही चालवतं. मोबाइलवरही ती उघडतात. आपल्या विषयाचे पाच-सहा आराखडे तिथे वाचा. पण वाचा ते शिकण्यासाठी, उतरवून घेण्यासाठी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम उचलेगिरीबाबत कडक आहेत, आणि मजकूर तपासणारी यंत्रं आता सगळीकडे आहेत. त्याहीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, दुसऱ्याचा आराखडा उतरवला तर दुसऱ्याचाच प्रश्न आपल्या गळ्यात पडतो, आणि तो पुढे चार वर्षं ओढावा लागतो.

पूर्वीच्या अभ्यासाचा आढावा लिहिताना एक चूक हमखास होते. अमुक यांनी अमुक साली अमुक म्हटलं, तमुक यांनी तमुक म्हटलं, अशी नुसती यादी होते. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. प्रत्येक पुस्तकापाशी स्वतःला एकच विचारावं. माझ्या प्रश्नाचा किती भाग याने सोडवला आणि कोणता भाग तसाच राहिला? तो जो राहिलेला भाग, तीच आपल्या पेरणीची जागा.

आता येतो तो सर्वांत महत्त्वाचा टप्पा, गृहीतकाचा. गृहीतक म्हणजे आपला अंदाज. शोध घेण्यापूर्वी लिहून ठेवलेला. इथे पुन्हा इरावतीबाईंची आठवण होते. १९२८ साली त्या जर्मनीला गेल्या आणि बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या नामांकित प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू अगदी सारख्या नसतात. हा फरक युरोपीय माणसांत अधिक असतो आणि त्याचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, अशी प्राध्यापकमहाशयांची समजूत होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. मोजमाप त्या समजुतीला दुजोरा देईना. त्यांनी जे आढळलं तेच लिहिलं. गुरूला काय आवडेल ते लिहिलं नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूच्या मताविरुद्ध निष्कर्ष लिहायचा, ही सोपी गोष्ट नव्हती.

यात आपण शिकायचं ते असं. अंदाज चुकणं हा संशोधनाचा पराभव नाही. पण अंदाज चुकू शकेल अशी सोय आराखड्यातच करून ठेवावी लागते. आपल्या गुरुजींच्या मनात काय असेल? ते बाजारात चार वेळा हिंडले, की त्यांना वाटेल, व्यापारी गरिबाला लुबाडतो, झालं! मग ते फक्त फसवणुकीच्याच गोष्टी गोळा करतील, आणि चार वर्षांनी आधीच ठाऊक असलेली गोष्ट सिद्ध करतील. तसं नको. त्यांनी असा अंदाज लिहावा, की कुटुंबाचा तोटा मुख्यतः विकण्याच्या घाईमुळे होतो. आणि त्यापुढे हेही लिहावं, की हा अंदाज खोटा कधी ठरेल. जे परतल्याबरोबर चैत्र-वैशाखात जोडी विकतात आणि जे मृगाच्या पेरणीपर्यंत थांबून विकतात, त्या दोघांनाही सारख्याच दाताच्या, सारख्याच अंगलटीच्या जोडीला सारखीच किंमत मिळत असेल, तर घाईचा अंदाज चुकला. थांबलेल्याला जास्त मिळालं, तर त्यातून थांबण्याच्या काळातल्या चाऱ्याचा खर्च वजा करून पाहावा लागेल. बघा, अंदाज एवढा नेमका लिहिला, की काय काय मोजायचं हे आपोआप समोर येतं.

मोजायचं कसं, ही पुढची गोष्ट. याला पद्धती म्हणतात. पुस्तकात प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण अशी नावं असतात. ती लिहावीत, पण प्रत्येक नावापुढे आपल्या बाजारात ते कसं घडणार हे लिहावं. जनावरांच्या बाजारात भाव कसा ठरतो ते आपल्याला माहीत आहे. रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव होतो; शेजारी उभ्या असलेल्यालाही तो कळत नाही. मग गुरुजींना किंमत कोण सांगणार? पावतीवर एक आकडा असेल, घेणारा दुसरा सांगेल, दलाल तिसरा. म्हणून आराखड्यात लिहावं, की प्रत्येक व्यवहाराची किंमत घेणारा आणि विकणारा या दोघांना वेगवेगळी विचारली जाईल, कोणी कोणता आकडा सांगितला तो तसाच नोंदवला जाईल, आणि पावती मिळाली तर तीही पाहिली जाईल. अशा अडचणी लपवू नयेत. ज्याने अडचण आधीच ओळखली, त्याच्यावर समितीचा विश्वास बसतो.

वर्गवारीसुद्धा परक्या पुस्तकातून आणायची गरज नाही. बैलाचं वय आपले लोक दातांवरून ओळखतात. अदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेला, ही वर्गवारी बाजारात पूर्वापार तयार आहे. तीच नोंदवहीत घ्यावी. शेतकऱ्याला त्याच्या भाषेत विचारलं, की उत्तरही नेमकं मिळतं.

किती कुटुंबं घ्यायची? इथे लोकांना शंभर, पाचशे असे गोल आकडे लिहायची हौस असते. अंथरूण पाहून पाय पसरावे. गुरुजींना शाळा आहे. समजा, प्रत्येक कुटुंबाला तीनदा भेटायचं ठरवलं. एकदा खरेदीच्या वेळी, एकदा परतल्यावर आणि एकदा पेरणीनंतर. चाळीस कुटुंबं म्हणजे एकशेवीस भेटी. त्यांतली काही कुटुंबं मध्येच गळतील. कुणी जोडी कारखान्यावरच विकून येईल, कुणी परतणारच नाही. शेवटी तीस हाती राहिली तरी काम होईल. हा हिशेब जसाच्या तसा आराखड्यात मांडावा. कारखान्यावरच विकलेल्या जोडीचं काय करणार, तेही लिहावं. तिची किंमत फक्त एका बाजूकडून कळेल, म्हणून ती वेगळी नोंदवली जाईल, एवढं एक वाक्य पुरे. आणि चाळीस कुटुंबांवरून साऱ्या जिल्ह्याबद्दल निवाडा देऊ नये; या कुटुंबांच्या बाबतीत असं आढळलं, एवढंच म्हणावं.

आता वेळापत्रक. शेतकऱ्याला सांगायला नको, की घात गेली की पेरणी गेली. संशोधनाचंही तसंच आहे. जोड्यांची खरेदी दसऱ्याच्या आधी होते. त्या वेळी जर आराखडा मंजूर झालेला नसेल, तर एक सबंध वर्ष वाया जातं. म्हणून वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रांवरून न बांधता बाजाराच्या आणि हंगामाच्या दिवसांवरून मागे मागे मोजत यावं. भाद्रपद-आश्विनात खरेदीची नोंद. लोक ऊसतोडीला गेले, की जुनी कागदपत्रं आणि वाचन. उन्हाळी सुट्टीत परतलेल्या घरांच्या भेटी. श्रावणात शेवटची भेट. त्यापुढे लिखाण. पेरणीच्या धांदलीत कुणाच्या बांधावर वही घेऊन उभं राहू नये. तो हिशेब सांगेल, पण मनापासून सांगणार नाही.

आणि बाजारच भरला नाही तर? २०२० साली टाळेबंदीत बाजार बंद होते. २०२२ साली लम्पी त्वचारोगामुळे जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. कायदा बदलला तरी भाव बदलतो. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा थकलेल्या बैलांच्या व्यवहारावर त्याचा काय परिणाम झाला, हाही विचार गुरुजींना करावा लागेल. म्हणून आराखड्यात एक परिच्छेद ‘असं झालं तर’ याचा असावा. बाजार बंद राहिला तर घरोघर जाऊन मागच्या हंगामाचे व्यवहार विचारू, त्यात स्मरणाची चूक राहील हे मान्य करू, असं लिहावं.

नियमांबद्दलही दोन शब्द. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला अभ्यासक्रमासह कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. विद्यापीठाने पुन्हा नोंदणी मान्य केली तर आणखी दोन. महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, ती आमच्या शिक्षक भगिनींनी लक्षात ठेवावी. नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण त्यासाठी आपल्या संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. ते शेवटच्या आठवड्यात मागायला जाऊ नये. आराखड्याचा नमुना, पानांची मर्यादा, प्रती किती, हे प्रत्येक विद्यापीठाचं निराळं असतं. ते पत्रक आधी मिळवून भिंतीवर लावावं.

लिहायला बसताना आधी मधली पानं लिहा. प्रश्न, अंदाज, पद्धती, वेळापत्रक, एवढं झालं की मग प्रस्तावना, आणि शीर्षक सर्वांत शेवटी. शीर्षकात कोण, काय, कुठे आणि केव्हा एवढं कळलं, की पुरे. आपल्या गुरुजींचं शीर्षक असं होईल, ‘नेकनूरच्या बाजारातील ऊसतोड कुटुंबांची बैलजोडीची खरेदी-विक्री : एका हंगामाचा अभ्यास’. साधं आहे, पण यातला एक शब्दही काढता येत नाही. लिहून झालं, की चार दिवस कागद बाजूला ठेवा. नंतर मोठ्याने वाचा. जिथे स्वतःचीच जीभ अडखळते, तिथे विचारही अडखळलेला असतो. मार्गदर्शकांनी खोडलेल्या ओळी मनाला लावून घेऊ नका. पण एखादी ओळ आपल्याला खरी वाटत असेल, तर कारण देऊन ती सांभाळा.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते ती आराखड्याच्या नमुन्यात छापलेली नसली तरी लिहिलीच पाहिजे. गुरुजी ज्यांना प्रश्न विचारणार, ती त्यांच्या शाळेतल्या मुलांची आईबापं आहेत. कुणाची उचल किती, कर्ज किती, बैल कितीला गेला, हे ते गुरुजींवर भरवसा ठेवून सांगतील. ही वही उद्या मुकादमाच्या हातात पडली तर? पुढच्या वर्षी त्या घराला उचल मिळेल का? म्हणून आराखड्यात स्पष्ट लिहावं, की कुटुंबांची नावं लिहिली जाणार नाहीत, क्रमांक लिहिले जातील; नावांची यादी वेगळी, कुलपात राहील; आणि कुणी मध्येच म्हणालं, ‘गुरुजी, माझं नाव काढा’, तर ते काढलं जाईल. तुम्ही उत्तर देणारे असाल, तर हे विचारायचा हक्क तुम्हांला आहे. वही घेऊन येणाऱ्याला खुशाल विचारा, “हे कशासाठी? आमचं नाव कुठे जाणार? आणि जे सापडेल ते आम्हांला कधी सांगणार?” या तीन प्रश्नांना ज्याचा आराखडा उत्तर देतो, त्याला घोंगडी अंथरून बसवा.

सापडलेलं पुन्हा गावात येऊन सांगणं, हे वेळापत्रकातलं शेवटचं काम असावं. समजा, गुरुजींच्या अभ्यासातून दिसलं, की दीड-दोन महिने चारा मिळाला असता, तर कित्येक घरांची जोडी पडत्या भावात गेली नसती. हे ग्रामसभेत सांगितलं, तर गाव त्यावर विचार करू शकेल. किंवा असं दिसलं, की थांबूनही काही लाभ नाही, चाऱ्याचाच खर्च अंगावर येतो. तेही तितक्याच मोकळेपणाने सांगावं. दोन्ही उत्तरं गावाच्या उपयोगाची आहेत, कारण दोन्ही मोजून काढलेली आहेत.

तेव्हा शिक्षक मित्रहो, विषय द्या म्हणून कुणाच्या दारी जाऊ नका. येत्या बाजारच्या दिवशी वही खिशात ठेवून आपल्याच गावात हिंडा. ज्या गोष्टीपाशी मन अडेल, तिथे थांबा आणि तिचा एक प्रश्न करा. त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या मनाविरुद्ध आलं तरी ते लिहीन, असं आधी स्वतःशी ठरवा. मग कागद पुढे ओढा.